डब्यातला साक्षीदार

बिबट्याच्या भीतीने जुन्नर-आंबेगावात अनेकांनी घराला, गोठ्याला कॅमेरे लावले आहेत. अंगणात सुनेला झालेली मारहाणही ते टिपतात. पण चित्रण साठते टीव्हीखालच्या डीव्हीआरच्या डब्यात, आणि डबा असतो नवऱ्याच्या ताब्यात. शिवाय हार्ड डिस्क भरली की यंत्र जुन्या चित्रणावरच नवे लिहिते. बाई माहेरी येते, बैठका बसतात, समेटाची बोलणी होतात. तेवढ्यात साक्षीदार संपलेला असतो.

एका बाईला ठाण्यात सांगितले गेले, ‘मोबाईलवर शूटिंग करून आणा.’ कुठून आणणार? त्या घराचा उंबरा तिला बंद झालेला! नुसते पुसलेले चित्रण, त्या जागेवर नवे लिहिले जाण्याआधी डिस्क हाती आली, तर प्रयोगशाळेत पुष्कळदा परत मिळते. म्हणून यंत्रच जप्त व्हायला हवे.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण पत्नीच्या छळाला कमाल शिक्षा तीनच वर्षे. हुंडाबळीला किमान सात. म्हणजे बाई जिवंत असेपर्यंत तज्ज्ञ येण्याची सक्ती नाही, मेली की आहे. हा हिशेब मला मान्य नाही.

मैत्रिणींनो, जालन्याच्या निवडणुकीचा एक निकाल आपल्या कामाचा आहे. २०१४ साली उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतल्याचा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कचेरीतले चित्रण. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिले नाही. ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र लागतेच. मात्र यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असून तो देत नसेल तर ते मागवण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. नवऱ्याच्या डीव्हीआरलाही हेच लागू करून मागावे.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने मात्र नवी अडचण आणली. प्रमाणपत्राचा दुसरा भाग आता तज्ज्ञाने भरायचा. घोडेगावच्या मजूर बाईला तज्ज्ञ कोण देणार? ही सोय तालुक्याला, विनाशुल्क, विधी सेवा समितीमार्फत मिळावी, अशी मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर पहिल्याच दिवशीच्या तक्रार अर्जात यंत्र कुठे ठेवले आहे ते लिहा, ‘डीव्हीआर तातडीने जप्त करावा’ असे स्पष्ट मागा आणि पोच घ्या.