यूनिया बाई होती



या अंकात बायबल कशाला, असं काहीजणी विचारतील. ग्रंथातल्या बाईचं काय करतात, हा प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही, म्हणून.

एल्डन एप यांचं यूनियावरचं पुस्तक (२००५) मी अलीकडे इथे नळदुर्गला वाचलं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनिक आणि यूनिया या दोघांना सलाम सांगतो आणि प्रेषितांमध्ये त्यांचं नाव घेतो. चौथ्या शतकातला ख्रिसोस्तोम तिला बाई समजूनच तिची वाखाणणी करतो. पुढे मात्र बाई प्रेषित कशी असेल, म्हणून तिचा यूनियास झाला. असं पुरुषी नाव त्या काळच्या एकाही लेखात सापडत नाही! तरी अभ्यासकांच्या हाती असणाऱ्या नेस्लेच्या ग्रीक आवृत्तीने १९२७ साली एक स्वरचिन्ह बदलून तिला पुरुष केलं. ती पुन्हा बाई झाली १९९८ साली.

फिलिस ट्रिबल यांनी १९७८ मध्येच असाच एक हिब्रू शब्द तपासला होता. हव्वेसाठी वापरलेल्या 'एझेर'चा अर्थ हाताखालची मदतनीस असा लावला गेला. बायबलात तोच शब्द बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो.

हे परदेशातलं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. १९२४ साली ग्रंथ निघाला. छपाईला हात लागले ते आश्रमातल्या बायकांचे, दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या. उमा चक्रवर्ती (१९९८) आणि मीरा कोसंबी (२०००) यांच्या पुस्तकांनी रमाबाई आपल्यापुढे पुन्हा आणल्या. तरी आपल्या सभांत त्यांचं नाव निघतं ते धर्मांतराच्या वादापुरतं. भाषांतर ही त्यांची भक्ती म्हणून सोडून दिली जाते. पुरुषाने केलं असतं तर त्याला आपण पांडित्य म्हटलं असतं, असं मला वाटतं.

ही नवी पुस्तकं इंग्रजीत आहेत, महाग आहेत. तेव्हा एक विनंती. रमाबाईंची प्रत जिला मिळेल तिने 'एझेर' आणि यूनिया या दोन जागा काढून, हल्लीच्या मराठी बायबलाशेजारी ठेवून पाहाव्यात आणि काय दिसलं ते लिहून पाठवावं. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखली आहेत.