पाडायच्या आधी एकदा माळवदावर चढा

मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. जालना जिल्ह्यातल्या तुम्हा सगळ्यांना, आणि पोटापाण्यासाठी पुण्याला, संभाजीनगरला, मुंबईला गेलेल्या तुमच्या भावाबहिणींना हात जोडून एक विनंती आहे. गावातला तुमचा जुना वाडा या पावसाच्या आत एकदा उघडा. किल्ली चुलत्याकडे असेल तर मागून घ्या. कुलूप गंजलं असेल तर तेल सोडा. शिडी लावा आणि माळवदावर चढा. पन्हाळी तुंबल्यात का बघा. पाणी कुठे मुरतं ते बघा.

वाडा म्हातारा होऊन पडत नाही. चांगल्या सागाच्या तुळईला शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. वाडा पाण्याने पडतो, आणि पाण्याला वाट करून देते ती भाऊबंदकी. सहा वारस. त्यातला एकही तिथे राहत नाही. यंदा माळवदावर पांढरी माती टाकायची कोणी, यावरून फोनवर बोलाचाली होते आणि माती काही पडत नाही. पन्हाळीत पाचोळा साचतो. पाणी माळवदावर तुंबतं, हळूहळू भिंतीत उतरतं, आणि तुळईचं भिंतीत बसवलेलं टोक भिजत राहतं. तिथे वाळवी लागते. दोन पावसाळ्यांत तुळई वाकते, तिसऱ्यात एक खण खाली येतो. मग भिंतीला तडा, मग 'धोकादायक' म्हणून नोटीस, मग जेसीबी. वाड्याला उभं राहायला वर्षं लागली होती. जेसीबीला दोन दिवस पुरतात.

म्हणून पहिलं काम साधं आहे. पन्हाळी मोकळ्या करा. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका, मुळासकट दगड हलतो. करवतीने कापा आणि बुंधा मारून टाका. जिथून गळतं तिथे निदान ताडपत्री किंवा पत्रा टाका. सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. माती आणि चुन्याच्या भिंतीला आतला ओलावा बाहेर टाकावा लागतो. सिमेंट तो कोंडून धरतं आणि भिंत आतून कुजते. गवंडी सांगेल, 'एकदा सिमेंट मारून टाकू, काळजी मिटली.' त्याला नको म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? पडका वाडा, वटवाघळांचा सुळसुळाट, त्यात गुप्तधन शोधणाऱ्यांनी रात्री येऊन उकरून ठेवलेली बळदं. (आजवर कोणाला हंडा सापडल्याचं ऐकिवात नाही. जोतं मात्र ढिलं होतं.) बरोबर आहे. पण त्या वाड्यात काय आहे ते एकदा नीट बघा.

जालन्याला जुने लोक 'सोने का पालना' म्हणायचे. व्यापार मोठा, कापूस मोठा. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे या भागातून धावायला लागली आणि पैशाला आणखी वाटा फुटल्या. त्या पिढीने घरं बांधली ती नातवंडांच्या हिशोबाने. घडीव दगडाचं जोतं. वर भेंड्यांची हातभर जाड भिंत. मोठ्या दरवाजात दिंडी, आत ढेळज, ढेळजेत बसायला दोन्हीकडे ओटे. पुढे चौक आणि चारी बाजूंनी सोपे. खांबाखाली तळखडा, खांबावर नक्षीचे हात, त्यावर तुळई. धान्याला भिंतीतली बळदं. बाळंतिणीची अंधारी खोली, देवघर, माजघर, आणि मुलाबाळांना गारव्याला तळघर. चुना घाणीत मळला जायचा, त्यात गूळ, बेलफळाचा चीक. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना त्या सोप्यात पंख्याशिवाय झोप लागते. तुमच्या नव्या स्लॅबच्या खोलीत एसी लावूनही तशी लागत नाही, हे तुम्हालाच ठाऊक आहे.

हे सगळं बांधणारे सुतार, गवंडी, वडार यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत. त्यांचं काम तेवढं तुमच्या ओसरीत उभं आहे. मालकाचं नाव दारावर असतं म्हणून वारसा फक्त मालकाचा, असं समजू नका.

बियाण्याची पेढी म्हणून जालना शहर देशभर ओळखलं जातं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी इथेच सुरू केली. घरात अडचण आली तरी पेरायचं बियाणं खायचं नसतं, हे जालन्याला वेगळं शिकवायला नको. वाडाही तसाच ठेवायचा असतो.

आणि नेमकं आत्ताच तो विकून खाण्याची घाई सुरू झाली आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. जमिनीचे भाव चढले. जागेला गिऱ्हाईक आलं की वाडा म्हणजे नुसता अडथळा दिसायला लागतो. त्याआधी दुसरं एक गिऱ्हाईक येतं, ते दरवाजाचं. गाडी थांबते, गोड बोलणं होतं. 'हा दरवाजा तसाही सडून जाणार, काका, पंधरा हजार घ्या.' खांब जातात, गणेशपट्टी जाते, झोपाळ्याच्या पितळी कड्या जातात. शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये तुमच्या पणजोबांचा दरवाजा आडवा टाकून त्यावर काच बसवतात आणि त्याला डायनिंग टेबल म्हणतात.

देऊ नका. कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. आलेल्या माणसाला परवाना विचारा. एवढ्याने बरेचजण गाडी वळवतात. पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, म्हणून ते वाचले. प्रत्येक दरवाजाच्या नशिबात केळकर नसतात.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती झाकून ठेवायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद यांनी झोपलेली माणसं गाडली. तेव्हापासून मराठवाड्यात जुन्या भिंतीकडे बघताना छातीत धस्स होतं. ही भीती मनातून काढून टाका असं तुम्हाला कोण सांगणार? उलट तिच्यापासून शिका. दरवर्षी जुन्या मातीवर नवी माती पडत गेली आणि माळवदं फूट-दीड फूट जाड झाली. दहा बाय दहाच्या एका खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन ओझं. ते आधी उतरवा. जुना थर काढा, मग पातळ नवा टाका. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला आरपार जोडणारे दगड बसवून घ्या. कोपरे बांधून घ्या. किल्लारीनंतर शासनाने घरं मजबूत करण्याचं जे काम केलं त्यात हेच शिकवलं होतं. जाणत्या इंजिनिअरला बोलवा, आणि त्याने 'या सोप्यात झोपू नका' म्हटलं तर त्या रात्रीपासून झोपू नका. मुलांपेक्षा वाडा मोठा नाही. पण ओझं उतरवून भिंत बांधून घेतली तर दोघंही सुखाने राहू शकतात, हेही तितकंच खरं.

नोटीस आली तर हातपाय गाळू नका. ती शेवटपर्यंत वाचा. महानगरपालिका अधिनियमातलं धोकादायक बांधकामाचं कलम नुसतं पाडायला सांगत नाही, सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं हेही त्यात आहे. लेखी उत्तर द्या, दुरुस्तीचा आराखडा जोडा. २०२३ पासून जालन्यात महानगरपालिका आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, त्यांच्या तीन श्रेणी आणि त्यासाठीच्या समितीची सोय आहे. तुमचा वाडा त्या यादीत यावा म्हणून अर्ज करा. आणि एक गैरसमज आजच सोडा. यादीत नाव गेलं की सरकार वाडा काढून घेतं, असं कोपऱ्याकोपऱ्यावर ऐकू येतं. तसं नाही. मालकी तुमचीच राहते. राहता येतं, भाड्याने देता येतं, विकताही येतं. फक्त पाडताना आणि रूप बदलताना विचारावं लागतं. आपल्या वाडवडिलांच्या घरासाठी एवढं विचारायला लागलं तर बिघडलं कुठे?

रिकामं ठेवू नका. वापरातलं घर टिकतं. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ मधला. पेशवाई गेली तरी तो राहिला, कारण त्यात पाठशाळा भरली, शाळा भरली, पुढे नगरपालिका बसली. १८७९ मध्ये आगीने त्याचा काही भाग खाल्ला, तरी लोकांनी तो सोडला नाही. आपल्या जालन्याच्या मस्तगडातही नगरपालिकेची कचेरी होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक जातात, तिथे सिनेमे निघतात. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं घर आजही घरचेच लोक पाहुण्यांना दाखवतात. तुमचा वाडा एवढा मोठा नसेल. नसू दे. त्यात अभ्यासिका निघेल, बचतगटाचं पापड-शेवयाचं काम चालेल, लग्नाचं वऱ्हाड उतरेल. जांबला समर्थांच्या जन्मगावी येणाऱ्या भाविकाला गावातच जुन्या ढेळजेत दोन घास मिळाले तर तो हॉटेल शोधत हिंडेल का?

आत्यांनो, बहिणींनो, आता तुमच्याशी बोलतो. वाडा विकायचा ठरला की तुम्हाला फोन येतो. एरवी येत नाही. 'फक्त सही करायला ये' म्हणतात आणि हक्कसोडपत्र पुढे ठेवतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित घरात तुमचा भावाइतकाच वाटा आहे. सही करण्याआधी विचारा, वाड्याचं काय करणार आहात? तुमचं माहेर त्या चौकात आहे. मंगळागौर तिथे जागवली, तुमच्या पहिल्या बाळाचा पाळणा तिथे बांधला. तुम्ही नाही म्हटलंत तर व्यवहार थांबतो. तेवढ्यात भाऊही विचार करायला लागतो, असा अनुभव आहे.

आणि कागद. फडताळात, माळ्यावर, देवघराच्या मागे लाल बासनं असतात. मोडीतली, उर्दूतली. वाडा रिकामा करताना ती पहिल्यांदा रद्दीत जातात. जाळू नका. उन्हात पसरू नका, फाडून बघू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि वाचणाऱ्याला दाखवा. त्यात तुमच्या गावाची विहीर कोणी खोदली ते असेल. १९४८ च्या आधी रझाकारांच्या धामधुमीत कोण कुठे लपलं ते असेल. तेरला रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणला बाळासाहेब पाटील यांनी लोक टाकून देत होते ते गोळा केलं, म्हणून आज तिथे संग्रहालयं आहेत. मराठवाड्यात हे काम नेहमी साध्या माणसांनी केलं आहे.

ज्यांचा वाडा नाही त्यांनीही हे वाचून पान उलटू नये. शिक्षकांनो, मुलांना एकदा गावातल्या वाड्यात न्या आणि एकेक खांब मोजायला लावा. स्टीलच्या कारखानदारांनो, भंगारात जुन्या वाड्याचे गज आणि जाळ्या आल्या तर भट्टीत टाकण्याआधी कुठून आल्या ते विचारा. शेजाऱ्यांनो, रात्री ट्रक लागला आणि दरवाजा निघताना दिसला तर मालकाला फोन करा, तो पुण्यात झोपलेला असेल.

वारसांनी या आठवड्यात एक काम करा. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी झाली आहे. मिळकतपत्रिकेवर कोणाची नावं लागली ते तपासा. सगळ्यांची लागली असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी वाड्यावर बोलवा. खर्च वाटून घ्या. जो पैसे देऊ शकत नाही त्याने देखरेख करावी.

१ मे जवळ आला आहे. १९८१ मध्ये याच दिवशी आपला जिल्हा झाला, आणि याच दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे विषय आधीच लेखी द्या: गावातल्या जुन्या वाड्यांची आणि गढीची नोंद करणे, गढीची पांढरी माती नेण्यास बंदी घालणे. पोच घ्या. सभेला चार माणसं सोबत न्या, त्यात दोन बाया असू द्या. विषय शेवटी ढकलला तर उठून जाऊ नका. तुमचं नाव पुकारेपर्यंत बसा, मग उभे राहा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.