बडोद्याला पाठवलं की सुटली?

"उपचार झालेत, आता सहा महिने बडोद्याला मामाकडे राहू दे. तिथं दारूबंदी आहे." आपल्याकडे काही घरांत असा बेत ठरतो. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, हे खरं. पण २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली, तीही बंदी असतानाच!

शिवाय गाव बदललं तरी रिकामी संध्याकाळ आणि न लागणारी झोप बरोबरच जाते. पहिल्या घोटाच्या बरेच दिवस आधी घसरण सुरू होते. चिडचिड वाढते, औषधं चुकतात, जुन्या मित्रांचे फोन येतात. हे ओळखणार कोण? मामा बिचारे दिवसभर कामावर. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'नं उपचारानंतरच्या पाठपुराव्यात घरच्यांनाही सामील करून घेतलं, ते यासाठीच.

पाठवायचंच असेल, तर तिथली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक कुठं भरते ते आधी विचारून ठेवा. घरात 'बेवडा' आणि 'कुडुक' हे दोन्ही शब्द बंद करा. आणि आमटीत लपवून डायसल्फिरामची गोळी मुळीच देऊ नका. ती पोटात असताना तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. ती गोळी त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.