गिटारवाल्याची कंबर आणि कान

फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा नामवंत अँप्लिफायर सुमारे २९ किलोचा आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार एका माणसानं उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो, तीही सगळं अनुकूल असताना. म्हणजे ओझं शरीराजवळ, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली आणि अंग पिळावं न लागता. रात्री साडेबाराला मंडपामागच्या चिखलातून टेम्पोच्या फळीवर चढवायच्या अँपला यातली एकही सवलत मिळत नाही. ओपीडीत कंबर धरून येणाऱ्यांत हमाल असतात, परिचारिका असतात, आणि अधूनमधून वादकही असतात. वादक आपला व्यवसाय सांगतो तेव्हा ‘उचलण्याचं काम’ हा भाग त्यातून हमखास गाळतो.

म्हणून गेल्या काही वर्षांत गिटारवादकांमध्ये छोट्या डिजिटल ‘रिग’ची जी लाट आली आहे, तिच्याकडे डॉक्टर म्हणून मला उत्सुकतेनं पाहावंसं वाटतं. गिटार, पेडल, अँप, स्पीकर आणि वायरी या सगळ्या जुळणीला वादक ‘रिग’ म्हणतात. पूर्वी ती टेम्पोत मावायची, आता पाठीवरच्या पिशवीत मावते. लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प एक किलोहून थोडासाच जास्त आहे. न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स साधारण दोन किलोचा. फेंडरनंही २०१९ मध्ये त्याच ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली, तिचं वजन जवळपास निम्मं भरतं.

हे शक्य कसं झालं ते थोडक्यात पाहू. जुन्या अँपमध्ये जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह असतात. त्यांना क्षमतेच्या काठापर्यंत रेटलं की आवाज किंचित फाटतो, जाड होतो. रॉक संगीताला हवा असतो तो हाच फाटका गोडवा. अडचण अशी की तो मिळवायला अँप मोठ्यानं वाजवावाच लागतो. डिजिटल यंत्र तारेवरून आलेल्या विजेच्या लहरीचे सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेतं आणि व्हॉल्व्हनं त्या लहरीचं काय केलं असतं त्याचं गणित करतं. स्पीकरच्या पेटीचा स्वभावही असाच टिपून ठेवलेला असतो. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की उठणाऱ्या घुमाऱ्यावरून गाभाऱ्याचा अंदाज येतो ना? तसंच. पेटीतून एक क्षणभराचा आवाज सोडून तिचा घुमारा नोंदवतात आणि पुढे प्रत्येक सुरावर तो चढवतात. या सगळ्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे यंत्रामुळे होणारा उशीर हा अँपपासून एक पाऊल मागे उभं राहण्याइतकाच. ‘डिजिटल हाताला मागे पडतं’ ही तक्रार चांगल्या यंत्रांपुरती तरी आता जुनी झाली.

मुद्द्याची गोष्ट ही की फाटका सूर आता कुजबुजीच्या पातळीवरही मिळतो. आवाजाचा दर्जा आणि आवाजाची मोठाई यांची गाठ सुटली. संगीताच्या दृष्टीनं हे किती मोठं आहे ते संगीतकार सांगतील. कानाच्या दृष्टीनं मात्र ही फार मोठी गोष्ट आहे, आणि नेमका तिचाच फायदा आपण घेत नाही आहोत.

इथे इतिहासातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड यानं जिम मार्शल यांच्याकडे आणखी मोठ्या आवाजाची मागणी केली. मार्शलनी आठ स्पीकरची एकच अजस्र पेटी करून दिली. ती उचलणाऱ्या कामगारांनी हात टेकले, म्हणून तिचे चार-चार स्पीकरचे दोन भाग केले गेले. रॉकच्या छायाचित्रांत मागे भिंतीसारख्या रचलेल्या मार्शलच्या पेट्या दिसतात त्या अशा जन्मल्या. कमरेची तक्रार लगेच ऐकली गेली. कानाची तक्रार कान करत नाही, म्हणून ती कित्येक वर्षं ऐकली गेली नाही. पुढे टाउनशेंड यांनी आपल्या बहिरेपणाबद्दल आणि कानातल्या सततच्या शिट्टीबद्दल जाहीरपणे सांगितलं. त्यातला लक्षात ठेवायचा तपशील असा, की त्यांनी मुख्य दोष स्टेजवरच्या भिंतीला न देता स्टुडिओत कानाला लावलेल्या हेडफोनना दिला. हा तपशील पुढे लागेल.

अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात सूक्ष्म केसपेशींच्या रांगा. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळी मोकळे होतात, तेव्हा आपण म्हणतो, झालं, बरं वाटलं. पण २००९ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं, की तपासणीत ऐकू येणं पूर्ववत झालं तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे गेलेले होते. माणसातही अगदी तसंच घडतं असं ठामपणे म्हणणं घाईचं ठरेल. तरी ‘सकाळी कान मोकळे झाले’ हा पुरावा मी तरी निर्धास्तपणाचा मानत नाही.

हिशेब साधा आहे. नायॉशच्या मते ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि १००ला फक्त १५ मिनिटं. ड्रम आणि दोन अँप असलेल्या लहान स्टेजवर १०० सहज गाठले जातात. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे एका रात्रीत १२ दिवसांचा डोस. लग्नसराईत आणि गणपतीत असे कार्यक्रम ओळीनं असतात, त्याचा गुणाकार वाचकांनी करावा.

अँपमध्ये आणखी एक खोड आहे. बारा इंची स्पीकरमधले तीव्र सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. जमिनीवर ठेवलेल्या अँपचा झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो, कानावर नाही. त्याला वाटतं आवाज बोथट आहे, म्हणून तो वाढवतो. झोत सापडतो तो पहिल्या रांगेत बसलेल्यांना. तिथे बहुधा लहान मुलं असतात.

आता आपल्याकडची स्थिती. मराठी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड कित्येक वर्षांपासून थेट मिक्सरमध्ये जातात. गिटारवालेही मल्टी-इफेक्टचं एक पेडल घेऊन वायर साउंडवाल्याच्या हातात देतात. त्या अर्थी छोटी डिजिटल रिग आपल्याला नवी नाही, तिचा दर्जा फक्त आता सुधारला. म्हणजे आपली कंबर वाचली. कान वाचले का? नाही. कारण अँप गेला तरी त्याच्या जागी पायाशी मॉनिटर स्पीकर आले, बाजूला आणखी दोन उभे राहिले. मग गायिकेला स्वतःचा आवाज हवा, तिचा मॉनिटर वाढतो. त्यात गिटार बुडते, तिचा वाढतो. ढोलकीवाला मागून खूण करतो, त्याचाही वाढतो. साउंडवाल्याकडे बोट वर करण्याची ही खूण आहे, खाली करण्याची खूण मी अजून पाहिलेली नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. नवी रिग जमवणाऱ्यानं पैशाची पहिली वाटणी कानासाठी करावी, यंत्रासाठी नंतर. दुकानात उलटं घडतं. यंत्रावर साठ-सत्तर हजार उडवायची तयारी असते आणि कानात मोबाइलसोबत आलेली बोंडं. पंधरा हजारांच्या यंत्राचा सूर आणि साठ हजारांच्या यंत्राचा सूर यांतला फरक मंडपात बसलेल्या काकांना कळणार नाही. कानात नीट बसणाऱ्या इन-इअर मॉनिटरचा फरक वादकाला साठाव्या वर्षी कळेल.

इन-इअर म्हणजे मिक्सरवरून स्वतःपुरता आवाज थेट कानात आणणारी बोंडं. ती घट्ट बसली तर बाहेरचा आवाज २० ते २५ डेसिबलनं अडवतात. बसली नाहीत तर अडवत नाहीत, आणि मग ड्रमवर मात करायला आतला आवाज वाढतो. म्हणून ब्रँडच्या आधी बोंडाचं माप. शक्य असेल त्यानं कानाचा साचा देऊन करून घ्यावीत. गिटारवादकाला बिनतारी संचाचीही गरज नाही, तो वायरीनं बांधलेला असतोच. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा हेडफोन-अँप पुरतो, स्वस्तही पडतो.

इथेच टाउनशेंड यांचा हेडफोन आठवावा. कानाच्या पडद्यापासून बोटभर अंतरावर असलेला स्पीकर हे औषध आहे आणि विषही. मिक्सरमध्ये त्या वाटेवर लिमिटर लावून घ्या, म्हणजे कुणी माइक पाडला किंवा फीडबॅकची शिट्टी उठली तर ती कानात पूर्ण ताकदीनं शिरणार नाही. तालमीत पुरेशी वाटलेली पातळी हेडफोन-अँपच्या बटणावर खूण करून ठेवा आणि कार्यक्रमाच्या भरात तिच्यापुढे जाऊ नका. सगळ्यात वाईट सवय म्हणजे एक बोंड काढून खांद्यावर सोडणं. दोन्ही कानांनी ऐकताना मेंदूला आवाज मोठा भासतो. एक काढलं की दुसऱ्याचा वाढवावा लागतो, आणि मोकळा कान स्टेजच्या तोंडी जातो. बोंड काढावंसं वाटतं ते एकटं पडल्यासारखं होतं म्हणून, प्रेक्षकांची टाळी ऐकू येत नाही म्हणून. त्यावर उपाय आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक लावायचा आणि त्याचा थोडा आवाज इन-इअरमध्ये मिसळायचा.

जुने वादक म्हणतात, अँपची हवा अंगावर आल्याशिवाय हात चालत नाही. यात तथ्य आहे. स्पीकरच्या आवाजानं तार पुन्हा थरथरते आणि सूर लांबतो, तो खेळ बंद कानात होत नाही. ज्याची कलाच त्यावर उभी आहे त्यानं अँप जरूर ठेवावा, फक्त खुर्चीवर, कानाच्या दिशेनं तिरका करून. आपोआप हात आखडता येईल. पण हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात साथ करणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची खरंच गरज असते?

विजेबद्दल मात्र सौम्य बोलायची माझी तयारी नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मरण पावला. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. एक हात तारांवर आणि ओठ वीज उतरलेल्या माइकवर, की प्रवाहाची वाट छातीतून जाते. आपल्याकडे मंडपात, जनरेटरवर, पावसात ओल्या फळ्यांवर हे रोज शक्य आहे. स्पीकरमध्ये गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर वेगळं बटण असतं, त्यासाठी पिन मोडायची नसते. पिशवीत सॉकेट तपासायचा एक टेस्टर ठेवा आणि आयोजकाकडे ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या स्विचचा आग्रह धरा. छोट्या रिगचा इथेही फायदा आहे. बॉसचा जीटी-१ तर चार पेन्सिल सेलवर चालतो. पण यंत्र सेलवर असलं तरी त्याची वायर मिक्सरला जाते आणि मिक्सर २३० व्होल्टवर असतो, हे विसरू नका.

शेवटची खरेदी दुकानात मिळत नाही. नव्या रिगवर पहिला कार्यक्रम करण्याआधी एकदा ऑडिओग्राम काढून घ्या. जिथे कान-नाक-घसा विभाग आहे अशा बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत तो अल्प खर्चात होतो. आवाजानं झालेली इजा आलेखात बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाचेसारखी दिसते, बोलणं ऐकायला अडचण येण्याच्या कितीतरी आधी. मग दर वर्षी तोच आलेख शेजारी ठेवून पाहायचा. फक्त आदल्या रात्री वाजवून सकाळी तपासणीला येऊ नका. थकलेला कान खरा आलेख देत नाही, मध्ये किमान १४ तासांची शांतता हवी. गणपतीच्या दिवसांत ती मिळणार नाही, तेव्हा श्रावणातच येऊन जा.