नानकटाईचे सोवळे

"खरी नानकटाई तेवढी सुरतेची, बाकीच्या साऱ्या तिच्या भ्रष्ट नकला," असे मत आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या अधिकारवाणीने मांडले जाते. तीच मंडळी दिवाळीत वनस्पतीची नानकटाई डबाभर आणून पाहुण्यांपुढे निःशंकपणे ठेवतात. जेथे सोवळ्याचे कारण नाही तेथे ते पाळावयाचे, आणि जेथे पाळलेच पाहिजे तेथे सोडावयाचे, असा हा प्रकार आहे.

सुरतेचा मान आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच नगरीची परंपरा काय सांगते? भट्टी डचांची, त्यांच्यामागे ती चालविणारा पारशी, आणि नावातील 'नान' हा शब्द फारशी! जिचा जन्मच असा अनेक घरांच्या मिलाफातून झाला, तिच्या कुलशुद्धीचा आग्रह कोणी व का धरावा? उत्तरेकडे मैद्यात बेसन व रवा मिसळतात. अरब देशांतील 'घुरैबा' तुपाचीच. स्कॉटलंडातील 'शॉर्टब्रेड'चे जुने प्रमाण एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पीठ बदलले, सुगंध बदलला, घाट बदलला. दुधाच्या स्निग्धाशी इमान मात्र कोणी सोडले नाही.

यावर कोणी म्हणेल, खुसखुशीतपणा वनस्पतीनेही येतो. येतो, हे आम्ही कबूल करतो. कोणतेही स्निग्ध द्रव्य पिठाच्या कणांस वेढून त्यांस चिवट होऊ देत नाही. परंतु तूप जिभेच्या उष्णतेने विरते. वनस्पतीचा थर टाळूस चिकटून राहतो. घातक ट्रान्स स्निग्धांवर सरकारने 2022 सालापासून शेकडा 2 ची मर्यादा घातली हे उत्तम झाले. पण कायदा रुची देऊ शकत नाही.

ज्यास तूप परवडत नाही त्याने वनस्पती वापरावी. त्यास आम्ही मुळीच दोष देत नाही. आमचा रोष आहे तो नाव तुपाचे आणि माल वनस्पतीचा असल्या व्यवहारावर, व तो मुकाट्याने गिळणाऱ्या ग्राहकावर. आमच्या लहानपणी घरचे तूप, पिठीसाखर व मैदा घेऊन आम्ही बेकरीत जात असू आणि आमच्याच पत्र्यावरची नानकटाई भाजून आणीत असू. त्या तुपास साक्ष घरची होती. ती साक्ष आम्ही आळसाने गमावली, आणि आता वाद घालतो तो सुरतेच्या कुळाचा!

वाचकहो, येत्या दिवाळीत नानकटाई कोठली, हे विचारू नका. कशाची, एवढेच विचारा.