चित्रातला माळ आणि सातबाऱ्यावरचा माळ

मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की कागदावर काय उमटतं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, एक कौलारू घर आणि शेजारी नारळाची दोन झाडं. आता सांगा, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नारळ कितीसे? इथे मोह आहे, पळस आहे, साग आहे. खिडकीतून सातपुडा दिसतो, पण मूल चित्र काढतं कोकणाचं! यात मुलांचा दोष नाही. आपल्या भोवतीच्या मोकळ्या जमिनीत बघण्यासारखं काही आहे, असं आपण मोठ्यांनीच कधी मानलं नाही. माळ म्हणजे ओसाड, गायरान म्हणजे रिकामं आणि नदीकाठ म्हणजे कचरा टाकायची जागा, अशीच आपली नजर झाली आहे.

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न काय कमी आहेत, की चित्रांचं घेऊन बसलात? पण मैत्रिणींनो, जी जमीन कुणाच्या नजरेतच नाही, ती जाताना कुणाला कळतही नाही. जगात काही ठिकाणी आणि अगदी शेजारच्या गोव्यातसुद्धा चित्रकारांनी मोकळी जमीन आणि जंगल वाचवायला हातभार लावला आहे. त्यातलं आपल्या कामाचं काय आणि आपल्याकडे न चालणारं काय, हे पाहायला हवं. कारण गावोगावच्या गायरानांचा प्रश्न आज आपल्या दाराशी येऊन उभा आहे.

या गोष्टीची एक जुनी सुरुवात अमेरिकेत झाली. थॉमस मोरान नावाचा चित्रकार १८७१ मध्ये एका सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोन भागात गेला. तिथल्या दऱ्या, धबधबे, गरम पाण्याचे झरे त्याने रंगवले. सोबत छायाचित्रकारही होता. राजधानीतल्या ज्या लोकप्रतिनिधींनी तो मुलूख जन्मात पाहिला नव्हता, त्यांच्यासमोर ही चित्रं आणि फोटो गेले. मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्याचा कायदा झाला. पुढे मोरानचं एक भलंमोठं चित्र तिथल्या संसदेने दहा हजार डॉलरला विकत घेतलं.

गोष्ट छान आहे, पण ती इथे संपत नाही. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या, कंदमुळं गोळा करणाऱ्या आदिवासी जमाती होत्या. उद्यान झालं आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं. भूमी चित्रासारखी दिसावी म्हणून तिथली माणसंच पुसली गेली! आपल्यासारख्या आदिवासी जिल्ह्यातल्या बायकांनी ही अर्धी गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. नुसतं देखणं चित्र कधीकधी गरिबाच्या मुळावर येतं.

दुसरं उदाहरणही अमेरिकेतलंच, पण अलीकडचं. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा नावाचं शहर आहे. तिथल्या निसर्गचित्रकारांनी १९८६ मध्ये ‘ओक ग्रुप’ नावाचा गट स्थापन केला. ज्या टेकडीवर, ज्या किनाऱ्यावर उद्या बंगले उठणार, तिथे हे लोक जाऊन चित्रं काढतात. मग त्यांचं प्रदर्शन भरतं आणि विक्रीचा मोठा वाटा ती जमीन राखणाऱ्या संस्थांना जातो. या संस्था पैसे जमवून जमीन विकत घेतात आणि मोकळी ठेवतात. कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे ती जशीच्या तशी चालायची नाही. तिथली पुष्कळ जमीन खासगी मालकीची, म्हणून ती विकत घेऊन वाचवायची. आपलं गायरान, आपलं जंगल, आपला नदीकाठ हे आधीच सगळ्यांचं आहे. जे आपलंच आहे ते विकत काय घ्यायचं? ते हातातून निसटू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

म्हणून मला गोव्याचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचं हे जंगल. दूधसागर धबधबा याच जंगलातला. तिथून एक मोठी वीजवाहिनी, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि चौपदरी रस्ता असे तीन प्रकल्प जाणार होते. त्यासाठी सुमारे १७० हेक्टर जंगल वळतं करायचं होतं. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे माणसं घरात अडकलेली. सभा नाही, मोर्चा नाही. तेव्हा गोव्यातल्या चित्रकारांनी हे जंगल घराघरात नेलं. कुणी गवा काढला, कुणी खवल्या मांजर, कुणी फुलपाखरं, कुणी ओढे. ही चित्रं हातोहात फिरली, फलकांवर गेली. चित्रकारांच्या बरोबरीने शास्त्रज्ञ, वकील, विद्यार्थी आणि गावकरी उभे राहिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चांदोर गावी लोक रात्री रेल्वेच्या रुळांवर उतरले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाला प्रतिकूल अहवाल दिला. वीजवाहिनीसाठी जंगलात नवी वाट पाडू नये, जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून ती न्यावी, असंही सुचवलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या मार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पुरेसा अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणायची मुभा मात्र ठेवली. म्हणजे लढाई कायमची संपली असं नाही.

हे काय चित्रांनी झालं? नाही. न्यायालयात चित्रं चालत नाहीत, तिथे कागद चालतात. नकाशे, झाडांची मोजणी, अहवाल लागतात. पण ते कागद वाचायला, त्यामागे उभं राहायला माणसं लागतात, आणि ती माणसं चित्रांनी जमवली. पणजीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला मोले आपलं वाटलं, ते त्या गव्यामुळे आणि त्या फुलपाखरामुळे.

आता आपल्या घरी येऊ या. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची सरकारी जागा, देखभाल ग्रामपंचायतीकडे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय हाती घेतला, तेव्हा राज्यातल्या गायरानांवर दोन लाखांहून जास्त बांधकामं असल्याचं पुढे आलं. त्यात धनदांडग्यांची होती, तशी दुसरीकडे वीतभर जागा नसलेल्या भूमिहीनांची घरंही होती. दोघांना एकाच मापाने मोजून कसं चालेल?

त्यात आता सौर प्रकल्प आले. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ ही २०२३ मध्ये आली. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे, आणि तो चांगलाच आहे. रात्री बाराला पाणी भरायला गेलेला घरधनी परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, हे तळोदा-अक्कलकुव्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. तिकडे उसात बिबट्या असतो आणि बांधावर साप. पण एका मेगावॉटच्या प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जमीन लागते, आणि सरकारी जमीन शोधताना पहिलं बोट गायरानावर पडतं. का? तर ते ‘रिकामं’ आहे म्हणून.

खरंच रिकामं आहे का? आमच्या बचत गटांच्या कामात आम्ही एक साधी गोष्ट करतो. शहादा तालुक्यातल्या एका गावात मंदिराच्या ओट्यासमोर बायकांना रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगितला. आधी पुरुषांनी काढला होता. त्यात रस्ता, मंदिर, ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी असं सगळं जागच्या जागी. गायरानाच्या जागी नुसती एक चौकोनी रेघ, आत काहीच नाही. मग बायका बसल्या. एकीने तिथे शेळ्या काढल्या. दुसरीने शेण वेचायची वाट काढली, गवऱ्या थापायचा खडक दाखवला. तिसरी म्हणाली, “ताई, पावसाळ्यात तरोट्याची भाजी तिथंच भेटते ना, ती कशी विसरली?” मग भाजी आली, मोहाची दोन झाडं आली, सरपण आलं, पोरांचं क्रिकेट आलं. एक म्हातारी माय कोपऱ्यात हिरवी रांगोळी टाकून म्हणाली, “आठे पानी थांबस.” म्हणजे इथे पाणी थांबतं, खालच्या विहिरीला तेच लागतं. चौकोन भरून गेला. सरपंच भाऊ बघायला आले आणि बराच वेळ उभे राहिले. रिकाम्या जागेत इतकं काय काय असतं, हे गावाने कधी असं एकत्र पाहिलंच नव्हतं.

मला विचाराल तर हेच आपलं निसर्गचित्र. आणि बायकांनी चित्र काढणं ही आपल्याकडे नवी गोष्ट थोडीच आहे? आज जगभर गेलेली वारली चित्रकला मुळात लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या आधी कितीतरी बायांनी तांदळाच्या पिठाने शेत, झाडं, जनावरं आणि माणसं एकाच भिंतीवर काढली. नर्मदेपलीकडच्या राठवा घरांत पिठोरा लिहितात पुरुष, पण भिंत शेणामातीने सारवून तयार करतात मुली. त्या चित्रांत माणूस आणि जमीन वेगळी पडलेली नाही. मोरानच्या चित्रात जे नव्हतं, ते इथे आधीपासून आहे.

आणखी एक धोका सांगते. सुंदर जागेचं कौतुक झालं की गर्दी येते. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं आणि फुलं बघायला इतकी माणसं लोटली, की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आपल्या तोरणमाळचं चित्र काढताना हे विसरू नये. उलट, जो माळ देखणा नाही, त्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही. सरकारी कागदांत तर असे गवताचे, झुडपांचे माळ ‘पडीक’ या रकान्यातच जातात. माळढोक, तणमोर हे पक्षी याच माळांवर जगायचे. आज ते दुर्मीळ झाले, त्याचं एक मोठं कारण हा रकानासुद्धा आहे.

उशीर झाला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलाची सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. एकीकडे काठ बुडाला, दुसरीकडे जंगल गेलं. जमीन गेल्यावर काढलेलं चित्र आठवण म्हणून भिंतीवर राहतं. जमीन हातात असताना काढलेलं चित्र साक्ष देऊ शकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चित्र आणि सातबारा यांची जोडी लावा. गायरानाचा सातबारा आणि गावनकाशा तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) काढून घ्या. गट नंबर, क्षेत्र नीट वाचा. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना, बाईंना सांगून मुलांना एक दिवस गायरानावर न्या. जे दिसेल तेच काढा, नारळ नको! शेळ्या, गवऱ्या, भाजी, पाणी थांबतं ती जागा, भूमिहीनांची घरं, सगळं चित्रात येऊ द्या. आणि हे दोन्ही महिला ग्रामसभेत मांडा. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा कायदाच आहे. ती नुसत्या सह्यांपुरती राहू देऊ नका. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तर पूर्ण पेसा क्षेत्रातले तालुके. तिथे ग्रामसभेच्या शब्दाला जास्तच वजन आहे.

सौर प्रकल्पाला आपला विरोध नाही. दिवसाची वीज आपल्यालाही हवी. पण गायरानाचा कोणता भाग द्यायचा, कोणता राखायचा, गुरांची वाट कुठून ठेवायची, खालच्या विहिरीचं पाणी कसं जपायचं, हे ठरवताना समोर चित्र असू द्या. प्रस्तावावर ‘रिकामी जागा’ असं लिहिलेलं असेल, तर त्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारायचं, “भाऊ, ही जागा रिकामी आहे हे कुणी पाहिलं?”