दस्तुरीच्या पुढे मोटार नाही

बेलवलीहून बदलापूर स्थानकावर यावे, कर्जतकडे जाणारी लोकल धरावी आणि वांगणी, शेलू मागे टाकून नेरळला उतरावे. वाटेत उजव्या हाताच्या खिडकीतून जी डोंगररांग सोबत करते, तिच्याच माथ्यावर माथेरान आहे. इतके जवळ असूनही आपल्याकडील व्यापारी कुटुंबे तेथे बहुधा मुलांच्या हट्टाखातर एकदा जातात, चिक्कीचे डबे घेऊन परततात आणि पुढच्या सुट्टीसाठी हिमाचलची चौकशी सुरू करतात. माथेरान मात्र व्यवहार जाणणाऱ्या माणसाने सावकाश पाहावे असे गाव आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे माथ्यावरचे रान चढून गेले आणि मुंबईच्या उकाड्याने त्रासलेल्या साहेबांना सुमारे ८०० मीटर उंचीवरची सावली मिळाली. गाव वाढले ते मात्र रेल्वेमुळे. १९०४ ते १९०७ या काळात सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये घालून नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची वाट बांधली. सरकारी तिजोरीतून नव्हे, एका व्यापारी घराण्याच्या पेढीतून ही गाडी डोंगर चढली, याची आठवण वळणावळणाने जाताना ठेवावी. २००५ च्या महापुरात आणि २०१९ च्या पावसात हा मार्ग वाहून गेला. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला.

माथेरानचे खरे भांडवल एका नियमात आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला, तर पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि त्या जुन्या शिस्तीला कायद्याचे पाठबळ मिळाले. शांतता, लाल मातीचे रस्ते, डोक्यावरून झेप घेणारे शेकरू हे सारे त्या नियमाचे उत्पन्न. पण प्रत्येक उत्पन्नामागे खर्च असतो. मिठाच्या पुड्यापासून सिमेंटच्या गोणीपर्यंत सर्व माल दस्तुरीहून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर आत जातो. तेथील दुकानदार दोन रुपये अधिक मागतो तेव्हा घासाघीस करण्यापूर्वी ही हमाली हिशेबात धरलेली बरी.

याच जातीचा व्यवहार आयर्लंडच्या केरी परगण्यात किलार्नी नावाच्या लहान गावी चालतो. तेथेही रेल्वे आली (१८५३) आणि पाठोपाठ पाहुणे आले. १९३२ साली बॉर्न-व्हिन्सेंट कुटुंबाने सरोवराकाठची आपली मक्रॉस इस्टेट राष्ट्राला दान केली. त्यातून त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. उद्यानातील अनेक वाटांवर आजही मोटारीऐवजी घोडागाडीच धावते. रस्त्यावर पडणारी लीद कोणी आवरायची, यावरून उद्यानाचे प्रशासन आणि गाडीवाले यांच्यात तेथे चांगलाच तंटा माजला होता. माथेरानच्या बाजारपेठेत नाकावर रुमाल धरून चाललेल्या प्रवाशाला तो तंटा सहज समजेल. २०२३ मध्ये किलार्नीच्या उपाहारगृहांनी एकदाच वापरून फेकायचे कॉफीचे कप बंद केले. स्वतःचा पेला आणावा, नाहीतर अनामत ठेवून घ्यावा. दुकानदारांनीच मनावर घेतल्यामुळे हे जमले.

माथेरानपुढचा प्रश्न कपाहून जड आहे. पायी चालू न शकणाऱ्या वृद्धाला बाजारापर्यंत न्यायचे कसे? वर्षानुवर्षे त्याचे उत्तर होते हातरिक्षा: पुढे एक माणूस ओढतो, मागे दुसरा रेटतो आणि आत तिसरा बसतो. अशा ९४ परवान्यांवर कित्येक घरे जगली. जीवदयेचे संस्कार असलेल्या कुटुंबात आजीला त्या गाडीत बसवताना कोणाचाही हात अडखळावा. आणि न बसवावे, तर त्या माणसाची दिवसाची कमाई बुडते. २०२२ पासून बॅटरीवरच्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण आज रिक्षा आली तर उद्या मोटार येईल ही त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला आणि नव्या रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांनाच द्याव्यात, असे सांगितले.

या आदेशातले सर्वांत मोलाचे कलम हे शेवटचे होय. परवाना हेच त्या चालकाचे एकमेव तारण. ते त्याच्या नावावर राहिले, तर तो वाहनाचा मालक होईल. एखाद्या ठेकेदाराच्या ताफ्यात गेले, तर काल गाडी ओढणारा उद्या रोजंदारीवर हॅंडल धरील, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च निघाला की त्या रोजंदारीलाही कात्री लागेल. प्रवाशाने रिक्षात बसताना ‘गाडी कोणाची?’ एवढे विचारायला हरकत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान हा टप्पा चालू राहतो. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्यांचे त्यात काही बिघडत नाही. नेरळ स्थानकाबाहेरून दस्तुरीपर्यंत सामायिक टॅक्सी मिळते. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो, त्याची पावती जपून ठेवावी. सूर्यास्त पाहायला सारे पॉर्क्युपाइन पॉइंटकडे धावतात. चौविहार पाळणाऱ्यांनी जेवूनच निघावे, परतेपर्यंत अंधार होतो आणि वाटेवर दिवे मोजकेच आहेत. ज्यांना गर्दी नको, त्यांनी पहाटे उत्तर टोकाच्या पॅनोरमा पॉइंटवर जावे. धुके विरले की खाली नेरळकडचा सपाट मुलूख उलगडतो आणि त्यातून बदलापूरच्या दिशेने निघालेली लोकल काडेपेटीएवढी दिसते.